वहीतला पाचवा रकाना

शिरोड्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लाईटीपाठोपाठ रेंजही जाते. इथे बसून इंट्राडे, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणं, ही हौसच. सेबीच्या जुलै २०२४च्या अभ्यासानुसार २०२२-२३मध्ये रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहांतले सात जण तोट्यात गेले, तेही लाईट असताना! स्विंग ट्रेडिंग मात्र गावातून जमतं. शेअर घ्यायचा, चार-आठ दिवस, फार तर दोन-तीन आठवडे ठेवायचा, एक लाट पकडून सुटायचं. बाजार साडेतीनला बंद होतो, त्यानंतरचा अर्धा तास पुरे. काजूच्या पैशांतून खत आणायचं असेल, तर ते पैसे यात घालू नका.

आधी निफ्टी १००मधले शेअर बघा. लहान कंपनीला लोअर सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव पडण्याची मर्यादा, लागलं की घेणारा मिळत नाही. डेली चार्टवर ५० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज लावा. रेषा चढती आणि भाव तिच्या वर असेल तरच पुढे जा. वेळागरच्या पुळणीवर भरती येताना लाट मागे सरते, पण पुढची तिच्याहून वर पोचते. आपण त्या मागे सरलेल्या लाटेची वाट बघायची. भरतीची वेळ तिथीवरून सांगता येते, शेअरची नाही, एवढं ध्यानात असू द्या. उतरलेला भाव थांबून आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर बंद झाला की तयारीला लागा.

खरेदीआधी बाहेर पडायचा भाव वहीत लिहा. समजा भाव २५०, अलीकडचा तळ २४१, तर स्टॉपलॉस २४०. एका शेअरमागे धोका १० रुपये. भांडवल १ लाख असेल तर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे १,००० रुपयांवर घालवायचे नाहीत. १,००० भागिले १०, म्हणजे १०० शेअर, २५,००० रुपये. बहुतेक जण आधी शेअर घेतात नि मग हा भागाकार करतात. लक्ष्य २७०. धोक्याच्या दुप्पट मिळण्याजोगं दिसत नसेल तर सौदा सोडा.

खरेदी होताच २४० आणि २७०, दोन्हींची जीटीटी, म्हणजे तो भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर लावा. मी एकदा ते उद्यावर टाकलं. रात्री पाऊस, सकाळी विजेचा खांब आडवा. तिसऱ्या दिवशी आरवलीला जाऊन रेंज मिळवली, तेव्हा शेअर माझ्या स्टॉपच्या बावीस रुपये खाली होता. अर्थात भाव सकाळी थेट २३०ला उघडला तर जीटीटीतूनही २४० मिळत नाहीत. निकालानंतर असं होऊ शकतं, म्हणून तिमाही निकालाच्या आधी बाहेर पडा.

खर्चही मांडा. २७०ला विकलात तर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, खरेदीवर २५, विक्रीवर २७ रुपये. वर ब्रोकरेज, स्टँप ड्यूटी, डीपी चार्ज. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४पासून २० टक्के कर.

पहिले वीस सौदे पैसे न लावता वहीतच करा. रकाने पाच: तारीख, भाव, स्टॉप, लक्ष्य, का घेतला. माझ्या जुन्या वहीत पाचव्या रकान्यात पहिली दोन पानं 'ग्रुपवर आलं होतं' एवढंच आहे.