बाहुलीच्या अंगाला चमक नको : गिऱ्हाईक हाताने काय बघतं

मैत्रिणींनो, या वेळचा अभ्यास बाहुल्यांवर आहे. जत्रेतल्या नव्हे, आणि लहान मुलींच्याही नव्हे. या बाहुल्या मोठी माणसं विकत घेतात, कपाटात जपतात आणि एकेका बाहुलीला तीस-चाळीस हजारांच्या वर रुपये मोजतात. जपानमधल्या क्योटोच्या 'व्होल्क्स' कंपनीने 1999 मध्ये 'सुपर डॉल्फी' नावाची अशी बाहुली बाजारात आणली. पुढे कोरिया आणि चीनमध्येही अशा बाहुल्या बनू लागल्या. खांदा, कोपर, गुडघा असा प्रत्येक सांधा गोल चेंडूसारखा असतो आणि आतल्या पोकळीतून इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते. म्हणून बाहुली बसते, उभी राहते, मान वळवते.

अंग रेझिनचं असतं. दोन पातळ द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात, थोड्या वेळात ते घट्ट होतं. हाताला थंड आणि जड लागतं. हे जडपण गिऱ्हाइकाला आवडतं, हलकी बाहुली त्यांना प्लास्टिकची वाटते.

आता खरा मुद्दा. आपल्याला वाटतं, फिनिशिंग म्हणजे चकचकीतपणा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर रंगाची चमक शोभतेही. पण या बाहुलीचं अंग चमकलं तर बऱ्याच शौकिनांना ते ओलं, तेलकट, स्वस्त वाटतं. त्यांना कातडीसारखा मंद पोत हवा, बोट फिरवलं तर बारीक पावडर लावल्यासारखा. याचं आणखी एक कारण आहे. चेहरा खडूच्या कोरड्या रंगाने रंगवतात आणि गुळगुळीत पृष्ठभागावर तो रंग बसत नाही. म्हणून आधी मॅट स्प्रेचा हात मारतात. हवा दमट असली की तो स्प्रे पांढरट पडतो, त्यामुळे जाणकार पावसाळी दिवशी हे काम काढतच नाहीत.

सगळ्यांची आवड एक नसते, बरं का. काहींना किंचित पारदर्शक रेझिन हवं, उजेडात कान-बोटं जिवंत दिसतात म्हणून. असं रेझिन काही वेळा लवकर पिवळं पडतं, हे माहीत असूनही ते घेतात. (उन्हाने सगळंच रेझिन कमी-जास्त पिवळं होतं.) सांध्याचं तर उलटंच असतं. सांधा फार गुळगुळीत असला तर हात घसरतो, बाहुली ढासळते. मग शौकीन लोक सांध्याच्या आत मऊ चामड्याचा तुकडा चिकटवतात, पकड यावी म्हणून. म्हणजे एकाच वस्तूत चेहऱ्याला एक पोत हवा आणि सांध्याला दुसरा!

साच्याची दोन पाखं जुळतात तिथे रेघ उमटते. कंपनीने ती घासली नसेल तर कोणी स्वतः घासतं, कोणी कुरकुरतं. घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवतात आणि मास्क लावतात, कारण रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट. आपल्याकडे रेझिनच्या किचेन, दागिन्यांचं प्रशिक्षण घेणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. तुमचं रेझिन बहुधा इपॉक्सी असतं, बाहुलीचं पॉलियुरेथेन. पण धूळ दोन्हीची नको. कच्चं इपॉक्सी हाताला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, लेकरं जवळ नकोत.

रंगाची भानगड वेगळीच. एका कंपनीचं डोकं आणि दुसरीचं धड जोडणारे शौकीन पुष्कळ. पण दोन्ही कंपन्या ज्याला 'नॉर्मल' म्हणतात ते दोन रंग जुळतीलच असं नाही. दोऱ्याचा रीळ संपल्यावर दुसऱ्या लॉटमधला आणला की शिवण वेगळी दिसते ना, तसंच.

शिवणकाम करणाऱ्या गटांनी इथे कान द्यावा. गडद कपड्याचा रंग या अंगात उतरतो. काळा, लाल, गडद निळा कपडा बरेच दिवस अंगावर राहिला तर डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. मग कपड्याची किंमत कितीही कमी असो, गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून या बाहुल्यांचे चांगले शिवणारे कापड आधी धुतात, आतून पांढरं अस्तर लावतात आणि रंग जाण्याची शक्यता असेल तर विकतानाच तसं सांगतात.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या शिवणातला एक गडद तुकडा आणावा. तो ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा आणि बैठक संपेपर्यंत तसाच राहू द्या. ज्याचा रंग फडक्यावर उतरला, ते कापड कुठल्या दुकानातून आणलं तेही वहीत लिहा.