इंटरनेटचा वेग मोजताना

माझे बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची बदली तंजावरला झाली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा ताईची ऑनलाइन मुलाखत आठ दिवसांवर आली होती आणि मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकत होता. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. मी मोबाइलवर एकदा वेग मोजला. आकडा आला २४. "बाबा, कंपनी फसवतेय," असे जाहीर करून मी लगेच तक्रारही नोंदवली.

दुसऱ्या दिवशी भर पावसात लाइनमन आले. वयस्कर गृहस्थ. मी जरा तोऱ्यातच त्यांना मोबाइलवरचा आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडला आणि वेग मोजला. ९४! भिजलेली छत्री उचलून ते निघून गेले. बाबा एवढेच म्हणाले, "रिपोर्ट देण्याआधी खात्री करायची असते." मला फार ओशाळल्यासारखे झाले.

त्या संध्याकाळी आम्ही बृहदीश्वर मंदिरात गेलो. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. त्याच मंदिराची आणखी एक गोष्ट बाबांनी सांगितली. १८०८ मध्ये विल्यम लॅम्बटन दक्षिण भारताचे मोजमाप करत इथे आला होता. त्याचे सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र आदळले आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. वाकलेल्या यंत्राने मोजणी पुढे रेटली नाही. लॅम्बटनने कित्येक आठवडे खपून आधी यंत्र दुरुस्त केले. मी मात्र यंत्र न तपासताच निकाल देऊन मोकळा झालो होतो.

म्हणून मी वही घेतली आणि सात दिवस नीट मोजणी केली. मित्रांनो, तुम्हालाही घरी करता येईल, म्हणून पद्धत देतो.

१. एकक समजून घ्या. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरते. त्यातही प्रत्येक पॅकेटवर पत्ता वगैरे लिहिण्यात थोडा भाग खर्च होतो. तेव्हा ९४ म्हणजे लाइन ठणठणीत.

२. आधी केबलने मोजा, मग वाय-फायने. केबलचा आकडा लाइनचा, वाय-फायचा आकडा तुमच्या घराचा. दोन्हींत मोठा फरक असेल, तर दोष घरात आहे.

३. मोजताना बाकी सगळी उपकरणे बंद ठेवा. टीव्ही आणि अपडेट घेणारा लॅपटॉप गुपचूप वाटा खातात.

४. सर्व्हर प्रत्येक वेळी तोच ठेवा. मी चेन्नईचा ठेवला. आज चेन्नई आणि उद्या मुंबई असे केले, तर तुलनाच होत नाही.

५. दिवसातून तीन वेळा मोजा : सकाळी, दुपारी आणि रात्री नऊनंतर. रात्री सगळी वस्ती ऑनलाइन असते, त्यामुळे खरी परीक्षा तेव्हाच होते.

६. सरासरीऐवजी मध्यक काढा. माझ्या एका वेळच्या पाच नोंदी ९३, ९४, ३८, ९४, ९२ अशा होत्या. सरासरी ८२.२ येते, मध्यक ९३. एका बिघडलेल्या नोंदीने सरासरी खाली ओढली. पण ३८ खोडू नका. शेजारी कारण लिहा. तेव्हा ताईच्या लॅपटॉपवर अपडेट चालू होते.

७. पिंगही लिहा. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तंजावरहून चेन्नई ३०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन किमान ३ मिलिसेकंद लागणारच.

सात दिवसांनंतर वही सांगू लागली. केबलवर मध्यक ९३, मागच्या खोलीत वाय-फायवर २४. राउटर लोखंडी कपाटामागे होता आणि मध्ये दोन भिंती होत्या. पण व्हिडिओ कॉलला ४-५ एमबीपीएस पुरतात. मग २४ असूनही कॉल का अडकत होता? उत्तर पिंगच्या रकान्यात सापडले. एरवी १२ मिलिसेकंद असणारा पिंग रात्री मध्येच ३०० वर जाई. बाबांचा मोबाइल त्याच खोलीत चार्जिंगला लागला, की दिवसभराचे फोटो आपोआप अपलोड होऊ लागत. त्या रांगेत ताईचा आवाज अडकून पडे. मोबाइलचे अपलोड बंद करून पाहिले, पिंग १२. चालू केले, पुन्हा ३००. तीनदा असेच झाले, तेव्हा खात्री पटली.

आम्ही राउटर कपाटामागून काढून मधल्या पॅसेजमध्ये उंचावर ठेवला आणि मुलाखतीच्या दिवशी अपलोड बंद ठेवले. चाळीस मिनिटांत कॉल एकदाही अडकला नाही. खर्च शून्य रुपये. महागडा प्लॅन घेण्याचा विचारही बाबांनी सोडून दिला.

सुट्टी संपण्यापूर्वी ते लाइनमन आमच्या गल्लीत खांबाजवळ दिसले. मी वही घेऊन गेलो आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये माफी मागितली. त्यांनी वहीची पाने एकेक करून उलटली, ३८च्या शेजारी लिहिलेल्या कारणावर बोट ठेवले आणि हसून मान डोलावली.

त्या दिवसापासून मी कुणाला दोष देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारतो : किती वेळा मोजलेस?