दम कोंडण्याची पैज

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काकतीची पोरे विहिरीत पोहायला जात असू. तळाची माती मुठीत घेऊन वर येईल तो खरा पोहणारा! बुडी मारण्यापूर्वी काठावर बसून वीस-पंचवीस दीर्घ श्वास भराभर घ्यायचे. त्याने छातीत हवा साठते, अशी आमची समजूत. एकदा एक सवंगडी असाच खाली गेला, तो वर येईना. मोठ्या माणसांनी त्याला बाहेर काढले, म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मला दम लागलाच नव्हता!" हे कोडे पुढे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकताना सुटले.

प्राणवायू रक्तात फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर विरघळतो. परंतु तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचा एक रेणू प्राणवायूचे चार रेणू वाहून नेतो. त्यामुळे तेवढ्याच रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून निघणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही सुमारे ९७ टक्के भरलेले असते. मग भराभर श्वास घेऊन आणखी साठणार ते किती?

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपाने, काही हिमोग्लोबिनला चिकटून व थोडा विरघळून फुप्फुसांपर्यंत येतो. भराभर श्वासाने तो मात्र झपाट्याने बाहेर पडतो.

आणि श्वासाचा लगाम आहे तो त्याच्याच हाती! मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत श्वसनकेंद्र असते. कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी श्वसन वाढते, हे हाल्डेन व प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. प्राणवायूची घट ओळखणारे पिंड मानेतील धमन्यांजवळ असतात. पण ती घट बरीच झाल्याशिवाय ते जोराने इशारा देत नाहीत.

आता उलगडा झाला ना? माझ्या मित्राने पहारेकऱ्यालाच आधी घालवून दिले होते. कार्बन डायऑक्साइड पुन्हा वाढून 'वर चल' असे सांगण्यापूर्वीच प्राणवायू संपत आला, आणि मेंदूची शुद्ध हरपली. अशा वेळी पाण्याखाली श्वास सुटला, की पाणीच आत जाते.

म्हणून मित्रहो, पोहा जरूर. पण भराभर श्वास घेऊन बुडी मारू नका, एकटे पाण्यात उतरू नका आणि दम कोंडण्याची पैज तर लावूच नका. दम लागणे हा दुबळेपणा नव्हे. तो शरीराने वेळेवर दिलेला इशारा आहे.