मुलांची सुरक्षितता : पहिला पहारा घराचा

गोंदिया हा धानाचा आणि वनांचा जिल्हा होय. दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. येथील कुटुंबाचे वर्ष शेताच्या आणि जंगलाच्या कामांनी आखलेले असते. मोहफूल व तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसे पहाटेच रानात जातात. रोवणी सुरू झाली की घरातील सारी कर्ती माणसे दिवसभर बांध्यांत असतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. या काळात लहान मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अथवा नातेवाइकांच्या भरवशावर असतात. हा भरवसा हीच ग्रामजीवनाची शक्ती आहे. परंतु बालकांच्या लैंगिक शोषणाच्या बहुसंख्य घटना याच भरवशाच्या आडून घडतात, हे सत्य कटू असले तरी स्वीकारावे लागेल.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्र शासनाच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांसंबंधी एक व्यापक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी संवाद साधण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि अशा बालकांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. "आम्हाला मुलगाच आहे, काळजी कसली?" हा समज त्यामुळे निराधार ठरतो. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक बालकाच्या परिचयाचे होते. पोलिसांकडे नोंद झालेल्या गंभीर गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळते. "अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस" एवढीच शिकवण म्हणूनच अपुरी आहे.

घरात काय करावे?

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्यास शरीराच्या सर्व अवयवांची नावे संकोच न बाळगता सांगावीत. ज्या अवयवाला नावच नाही, त्याविषयीची तक्रार मूल कोणत्या शब्दांत करणार? अंघोळीच्या वेळी आई किंवा आजीने सहज सांगावे की, हे भाग तुझे स्वतःचे आहेत. स्वच्छतेसाठी आम्ही किंवा तपासणीसाठी आमच्या समक्ष डॉक्टर, याखेरीज कोणी त्यांना हात लावावयाचा नाही, आणि दुसऱ्याच्या अशा भागास हात लावण्यास कोणी सांगितले तरी ऐकावयाचे नाही.

दुसरी गोष्ट नकाराच्या हक्काची. "मामा आलेत, त्यांच्या मांडीवर बस" असा आग्रह आपण प्रेमाने करतो. मूल मागे सरत असेल तर आग्रह सोडावा. नमस्काराने आदर व्यक्त होतोच. वडीलधाऱ्यांचे ऐकावे ही शिकवण योग्य आहे. परंतु वडीलधारा चुकीचे वागत असेल तर त्यास नकार देणे हा उद्धटपणा नव्हे, हेही शिकवावयास हवे.

तिसरी गोष्ट गुपिताची. "हे घरी सांगू नकोस" असे जो कोणी म्हणेल, त्याचीच गोष्ट प्रथम घरी सांगावी, हा नियम मुलाच्या मनावर बिंबवावा. भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे मागणाऱ्या व्यक्तींनाही हाच नियम लागू आहे.

रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात मुले कोणाकडे राहणार हे आधी ठरवावे, शक्यतो दोन-तीन कुटुंबांनी मिळून व्यवस्था करावी आणि रोज सायंकाळी मुलास दिवसभराची हकीकत विचारावी. आश्रमशाळेत राहणारे मूल सुटीत घरी आले म्हणजे त्याच्या अभ्यासाबरोबरच तेथील दिनक्रमाचीही चौकशी करावी.

मूल बोलले तर

मूल एकाएकी गप्प होणे, अंथरूण ओले करू लागणे, विशिष्ट घरी जाण्यास रडणे, शाळा टाळणे, अशी चिन्हे दिसताच शांतपणे चौकशी करावी. मूल बोलू लागले तर मध्येच अडवू नये, रागावू नये, "तू तेथे गेलासच का?" असे विचारू नये. "तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी काही चूक नाही," हे दोन वाक्यांचे आश्वासन औषधाइतकेच मोलाचे आहे. घटना नुकतीच घडली असल्यास मुलास अंघोळ न घालता, कपडे न धुता, तत्काळ शासकीय रुग्णालयात न्यावे. आधी पोलिसांचे पत्र आणा, असे म्हणून रुग्णालयास उपचार नाकारता येत नाहीत.

कायद्याचा आधार

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अंमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस त्याचे संरक्षण आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. बालकास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही व त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीस कळवावे, आणि विशेष न्यायालयाने शक्यतो एका वर्षात खटला निकाली काढावा, अशी तरतूद आहे.

या कायद्याचा अर्थ निश्चित करणारे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या विदर्भातीलच आहे. त्वचेचा त्वचेशी प्रत्यक्ष स्पर्श झाल्याशिवाय या कायद्याखालील लैंगिक हल्ल्याचा गुन्हा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द ठरविला. स्पर्श कपड्यांवरून झाला की कसा, हा प्रश्न गौण असून त्यामागील लैंगिक हेतू महत्त्वाचा, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. "नुसता हातच तर लावला" ही सबब त्यामुळे कायमची निकालात निघाली आहे.

पंचायतीचे आणि शाळेचे कर्तव्य

अशी घटना गावात उघडकीस आली की मुलीच्या लग्नाची, घराण्याच्या अब्रूची आणि गावाच्या नावाची चिंता पुढे येते. चार प्रतिष्ठित मंडळी बसतात, काही रक्कम ठरते आणि प्रकरण मिटविले जाते. मिटते ते फक्त प्रकरण. बालकाचे दुःख मिटत नाही आणि अपराधी दुसऱ्या घराकडे वळण्यास मोकळा राहतो. असा समझोता कायद्यास मान्य नाही. गुन्ह्याची माहिती असूनही न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका, कोणीही यास अपवाद नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, ते घरच्यांनी मुलींच्या बोलण्याकडे लक्ष दिल्यामुळे. पुढे तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाने संतापाची लाट उसळली व उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. घर जागे असूनही यंत्रणा सुस्त राहिली तर काय होते, याचा हा धडा होय.

सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती आणि शाळेतील सखी सावित्री समिती या केवळ कागदावर राहू नयेत. त्यांच्या बैठका नियमित व्हाव्यात, सदस्यांची नावे भिंतीवर लिहावीत आणि त्याखाली १०९८ हा क्रमांक ठळक अक्षरांत असावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा विनामूल्य असून दिवसरात्र उपलब्ध असते. पीडित बालकांना राज्याच्या मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्यही मिळू शकते.

धानाच्या बांधीला भगदाड पडले तर शेतकरी सकाळची वाट पाहत नाही. रात्रीच फावडे घेऊन निघतो. मुलाने सांगितलेली गोष्ट ऐकून घेण्यात आणि योग्य ठिकाणी पोहोचविण्यात तीच तत्परता दाखविणे, हे प्रत्येक कुटुंबाचे आणि प्रत्येक पंचायतीचे आद्य कर्तव्य आहे.