चिंध्यांची शुभेच्छापत्रे : कापड, टाका आणि किंमत

शिंप्याच्या दुकानात दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात मशिनखाली जो ढीग साचतो त्याला आपण चिंध्या म्हणतो, आणि त्या एका शब्दात त्याचा निकाल लावून मोकळे होतो. वास्तविक त्या ढिगात गुळेदगुड्डचा खण असतो, इरकलीचा काठ असतो, शहापूर-वडगावच्या मागावरचे सूत असते आणि मिलचे टेरिकॉटही असते. मी शिकवते अर्थशास्त्र. पण गेली काही वर्षे सहामाही परीक्षा आटोपली की इच्छुक विद्यार्थिनींना (आणि आता दोन-चार विद्यार्थ्यांनाही) घेऊन या ढिगातून दिवाळीची शुभेच्छापत्रे व तोरणे करण्याचा उद्योग मी चालवला आहे. त्यातून हाती आलेले काही ज्ञान या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

छापील शुभेच्छापत्राची प्रथा तशी फार जुनी नाही. इंग्लंडात 1843 साली हेन्री कोल या गृहस्थाने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले, ते हे पहिले व्यापारी कार्ड समजतात. त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाप्रेसवर छापून त्यांत हाताने रंग भरले होते. म्हणजे छापील कार्डाचा जन्मसुद्धा हाताच्या कामातूनच झाला! आज शुभेच्छा मोबाइलवर येतात, शंभर जणांना एकदम जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. त्याबद्दल मला तक्रार करावयाची नाही. परंतु ज्या चार-पाच माणसांना आपल्याला खरोखर काही पाठवावेसे वाटते, त्यांच्यासाठी कार्ड केले तर ते वर्षानुवर्षे कपाटात राहते, हा अनुभव आहे.

पहिली पायरी कापड ओळखण्याची, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. हाताला सुती लागणारे कापड पुष्कळदा सुती नसते. तुकड्याचा एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर त्याला काडी लावावी. सूत जळताना कागद जळल्याचा वास येतो व मऊ राखाडी राख पडते. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो. त्याचा काळा मणी बोटांत चुरडला की भुगा होतो. पॉलिएस्टर जळण्याआधी आक्रसते, वितळते आणि त्याची कडक गोळी होते, ती चुरडत नाही. कृत्रिम रेशीम मात्र फसवते. चमक रेशमाची, पण जळताना वास कागदाचा. ही परीक्षा एकदा केली की पुढचे सारे निर्णय तिच्यावरून घेता येतात. सुती तुकड्याला मैद्याची खळ पुरते. पॉलिएस्टरला ती धरत नाही, तेथे फेव्हिकॉलसारखे पांढरे चिकटवण हवे. इस्त्री किती तापवायची हेही त्यावरूनच ठरते.

खळीचे प्रमाण एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, मग मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईतो शिजवावा. बुकबाइंडर लोक कसर लागू नये म्हणून तीत मोरचुदाची चिमूट टाकीत. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुले असतील तर ते टाकू नये, खळ रोज थोडी करावी हे बरे. हीच खळ पाण्याने पातळ करून तुकड्यांना पाठीमागून लावावी व ओलसर असतानाच इस्त्री करावी. कापड कागदासारखे ताठ होते, कात्रीने स्वच्छ कापले जाते आणि कडेचे धागे सुटत नाहीत. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मे कार्ड सुबक होते.

धागे सुटण्याचे दुसरे कारण कापण्याच्या दिशेत असते. ताण्याच्या किंवा बाण्याच्या धाग्याला समांतर कापले की कडेचा धागा मोकळाच होतो. तेच तिरपे, शिंप्याच्या भाषेत उरेब कापले, तर प्रत्येक धागा आडव्या धाग्यांनी अडवलेला राहतो. म्हणून पणतीची ज्योत, कोयरी, पाने हे गोलसर आकार उरेब ठेवून कापावेत. उरेब पट्टी ताणली जाते, त्यामुळे वळणावरही चुण्या न पडता बसते. सरळ चौकोन मात्र धाग्याला धागा लावूनच कापावा आणि दुमडण्यासाठी पाव इंच माया सोडावी. (शिलाईसाठी राखून ठेवलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणणारी आपली भाषा मला नेहमीच मोठी शहाणी वाटते.)

आता नक्षीची निवड. कार्ड लहान असते, म्हणून नक्षीही लहान हवी. मोठ्या फुलांच्या चादरीचा तुकडा कार्डावर घेतला तर अर्धी पाकळी तेवढी दिसते आणि पाहणाऱ्याला काही बोध होत नाही. उलट खणाची बुट्टी बारीक, ओळीने येणारी. दोन इंचांच्या तुकड्यातही तिचे पूर्ण रूप मावते. ओटी भरताना आपण खणाची त्रिकोणी घडी घालतो. तोच त्रिकोण उलटा ठेवून टोक किंचित गोल केले की पणती तयार! खणाची नक्षी विणलेली असते, छापलेली नव्हे. तेव्हा मागचे सुटे धागे ओढू नयेत, खळीने बसवून टाकावेत.

ज्यांना सुईचे काम येते त्यांनी कसुती अवश्य करावी. धारवाड-बेळगाव भागाची ही कशिदाकारी. तिचे टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. कार्डाला गवंती सर्वांत सोयीची. जाताना धावदोरा घालीत जावे, येताना राहिलेल्या फटी भरीत यावे. रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि पाठीमागे गाठ येत नाही. हिच्यात चित्र आधी छापून घेत नाहीत, धागे मोजून टाका घालतात. म्हणून मॅटीसारखे धागे मोजता येतील असे कापड घ्यावे. तुळशीवृंदावन, गोपुर, कमळ, रथ ही कसुतीची नेहमीची चित्रे. दिवाळी-तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत वृंदावनाहून औचित्याचे दुसरे काय असणार?

कागदाचा हिशेब असा. 22 × 30 इंचांच्या ड्रॉइंग कागदातून 10 × 7 इंचांचे आठ तुकडे निघतात. मधोमध दुमडले की 5 × 7 इंचांची आठ कार्डे झाली. कडेला दोन इंचांच्या पट्ट्या उरतात, त्या भेटवस्तूंवर नाव लिहिण्यास उपयोगी पडतात.

तोरणाची कल्पना आम्हास सिद्दी स्त्रियांच्या कौदीवरून सुचली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्यावर रंगीत तुकडे ठेवून धावदोऱ्याने वाकळ शिवतात. शिवण कोपऱ्यापासून निघून कडेकडेने फिरत मध्यावर येते, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय कौदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. आम्ही ती घडी तोरणाला घेतली. चार इंचांचा चौकोन कर्णावर दोनदा दुमडला की चार इंच पायाचा, दोन इंच उंचीचा त्रिकोण होतो. त्याची कड कोठेही उघडी राहत नाही, म्हणून हेम नको. एकात एक इंचभर खोचून पट्टीवर टीप मारली की 36 इंची चौकटीला बारा त्रिकोण पुरतात, वर एक इंच उरतो. कागदाऐवजी कापडाचा आकाशकंदीलही करता येतो, मात्र आत एल्‌ईडीचाच दिवा लावावा. तापणारा बल्ब किंवा पणती कापडाजवळ नको.

आता माझ्या विषयाकडे येते. एका दुकानदाराने आमची कार्डे पाहून दोनशे नग मागितले, दर 15 रुपये. मुली हरखल्या. मी म्हटले, आधी फळ्यावर मांडू. कागद, लिफाफा, दोरा, चिकटवण मिळून नगास 9 रुपये लागत होते, कापड फुकट. चौघींनी कामे वाटून घेतली तरी एका कार्डाला एकूण 50 मिनिटे लागत. म्हणजे 6 रुपयांत 50 मिनिटे, तासाला 7 रुपये 20 पैसे! “बाई, पण हे आपण आवडीने करतो ना?” असे एकीने विचारले. प्रश्न रास्त होता. पण दुकानात 15 रुपयांची कार्डे लागली की पोटासाठी शिवणकाम करणाऱ्या बाईलाही तोच दर ऐकावा लागणार, तिला आवड हे कारण परवडणारे नाही. आम्ही नकार दिला आणि साठ कार्डे प्रत्येकी 60 रुपयांना आमच्या टेबलावर मांडली. त्रेचाळीस खपली. काहींनी “चिंध्यांचे एवढे?” म्हणून नाके मुरडली. त्यांना आम्ही गवंतीचा टाका उलट बाजूने दाखवला. त्यातल्या दोघांनी मग घेतली.

जुन्या लुगड्याला कात्री लावावी की नाही, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. नऊवारी सर्व अंगाने धड असेल तर कापू नये, असे माझे मत. विरलेली असेल तर पदर व काठ वेगळे जपावेत आणि अंगातलेच कापड वापरावे. काठाचा विणीचा नमुना उद्या एखाद्या विणकराला पाहावासा वाटेल, तुकड्यावरून त्याला तो उलगडणार नाही.

कार्डाच्या आत मजकूर थोडका असावा. आमच्या वर्गात डाव्या पानावर कन्नड आणि उजव्या पानावर मराठी लिहिण्याची पद्धत आपोआप पडली, कारण पाठवणाऱ्या मैत्रिणी तशाच जोडीच्या होत्या. टाक्यांवर टपालाचा शिक्का बसू नये म्हणून कार्ड एका पातळ पुठ्ठ्यासह लिफाफ्यात घालावे, आणि टपालखात्याच्या काट्यावर वजन करूनच तिकीट लावावे. कापडी कार्ड दिसते त्याहून जड भरते.