परदेशातील खरेदी आणि हमीपत्र

प्रस्तावना

नातलग परदेशी निघाले की 'तिथून एखादा कॅमेरा आणाल का?' अशी विनंती अनेक घरांतून होते. तिकडे तो स्वस्त मिळतो, असा आपला समज असतो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु किंमत आणि खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्तू बिघडल्यावर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज खरा खर्च कळत नाही. ते उत्तर हमीपत्रात असते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• हमीचे प्रकार सांगू शकाल;
• दोन देशांतील खरेदीची तुलना करू शकाल;
• हमीपत्रातील अटींचा अर्थ लावू शकाल.

मूळ पाठ

हमी म्हणजे ठरावीक मुदतीत निर्मितीतील दोष विनामूल्य दूर करण्याचे लेखी वचन. कॅमेरा हातातून पडला, त्यात पाणी वा वाळू शिरली किंवा अनधिकृत कारागिराने तो उघडला, तर हे वचन सहसा लागू होत नाही.

हमी तीन प्रकारची आढळते. पहिली देशीय हमी. ती ज्या देशात वा प्रदेशात खरेदी झाली तेथेच चालते. दुसरी आंतरराष्ट्रीय हमी. ती इतर देशांतील अधिकृत सेवाकेंद्रांतही मानली जाते. तिसरी दुकानदाराने स्वतः दिलेली हमी. कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून आणलेल्या मालाला 'ग्रे मार्केट'चा माल म्हणतात. अशा मालाबरोबर बहुधा ही तिसरी हमीच मिळते. तिच्या पूर्तीसाठी वस्तू त्याच दुकानात परत न्यावी लागते. एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याला देशीय आणि भिंगाला आंतरराष्ट्रीय हमी असू शकते. म्हणून दोन्हींची कागदपत्रे स्वतंत्रपणे वाचावीत.

आता काही देश पाहू. जपानमध्ये हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व खरेदीची तारीख घेण्याची रीत आहे. तेथील स्थानिक बाजारासाठी बनविलेल्या काही कॅमेऱ्यांत पडद्यावरील सूचना केवळ जपानी भाषेत असतात, हेही ध्यानात ठेवावे. सिंगापूरमध्ये २०२४ पासून वस्तू व सेवा कर ९ टक्के असून पर्यटकास अटींची पूर्तता केल्यावर त्याचा बराचसा भाग परत मिळतो. तेथे २०१२ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार सहा महिन्यांत आढळलेला दोष वस्तू हाती आली तेव्हाच होता, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. हे हक्क मोलाचे आहेत. पण ते बजावायचे तेथील विक्रेत्याकडे. मायदेशी परतलेल्या ग्राहकाला ते अवघड जाते.

भारतात डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१९ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. येथे खरेदी केल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार मिळतो. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरमधील एका होतकरू छायाचित्रकाराला लग्नसमारंभांच्या कामासाठी कॅमेरा हवा आहे. भारतात त्याची किंमत ८०,००० रुपये, तर सिंगापुरात कर परत मिळून ७०,००० रुपये पडते. बचत दिसते १०,००० रुपयांची. कॅमेऱ्याला केवळ देशीय हमी आहे. सहा महिन्यांनी त्यात दोष उद्भवला आणि येथील दुरुस्तीस १४,००० रुपये लागले, तर बचत संपून ४,००० रुपयांचे नुकसान होते. तो सिंगापूरला पाठवावा, तर वाहतुकीचा खर्च, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि कित्येक आठवड्यांचा विलंब. ऐन लग्नसराईत हाती कॅमेरा नसेल, तर बुडालेल्या कामाची भरपाई कोणतेही हमीपत्र करीत नाही. हाच कॅमेरा हौसेसाठी असता, तर हा धोका पत्करणे कदाचित योग्य ठरले असते. निर्णय गरजेवर अवलंबून आहे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात: हमी कोण देतो? ती भारतात चालते का? मुदत किती व कोणत्या तारखेपासून? ती मूळ खरेदीदारापुरतीच आहे का? दाव्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील? पावतीवरील अनुक्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा. 'आंतरराष्ट्रीय' या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. भारतातील सेवाकेंद्राकडे आधीच चौकशी करावी. परतताना सीमाशुल्काची त्या वेळची सवलतमर्यादाही पाहावी.

भाषाभ्यास

'खरेदीदार', 'दुकानदार' या शब्दांत 'दार' हा प्रत्यय आहे. हमीपत्रातील अटी बहुधा 'जर… तर' अशा संकेतार्थी वाक्यांत असतात. त्यांतील 'जर' नीट वाचणारा ग्राहक फसत नाही.

आपण काय शिकलो?

• हमीचे मोल तिच्या मुदतीइतकेच ती चालते त्या ठिकाणावर अवलंबून असते.
• किमतीतील फरक व दुरुस्तीचा संभाव्य खर्च यांची तुलना करावी.

स्वाध्याय

१. देशीय व आंतरराष्ट्रीय हमी यांतील फरक स्पष्ट करा.
२. उदाहरणातील छायाचित्रकाराला तुम्ही कोणता सल्ला द्याल? सकारण लिहा.
३. 'दार' प्रत्यय असलेले आणखी चार शब्द लिहा.
४. घरातील एखाद्या वस्तूचे हमीपत्र वाचून त्यातील तीन अटी सोप्या मराठीत लिहा.