पूर्णेचें पाणी कोठें जातें?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा नदी चांगदेव येथें तापीस मिळते. पुढें तें पाणी प्रथम हतनूरच्या व नंतर गुजराथेंतील उकाईच्या धरणांत जातें. तापीचें खोरें मध्यप्रदेश, महाराष्ट्र व गुजराथ या तीन राज्यांत पसरलेलें आहे.

धरणाकडून आम्ही दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा करितों. शेतीकरितां तें भरलेलें हवें. पूर अडविण्याकरितां तें रितें हवें. उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. ऑगस्ट २००६ मध्यें वरून मोठा लोंढा आला, त्यास धरणांत जागा अपुरी पडली, दरवाजे उघडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला.

यास उपाय कोणता? वरच्यांनीं पावसाची व सोडलेल्या पाण्याची वर्दी वेळेवर द्यावी. खालच्यांनीं पावसाळ्यांत धरणाचा कांहीं भाग रिता राखावा. कोलंबिया नदीविषयींचा करार १९६४ सालीं अमलांत आला. त्यान्वये कॅनडानें वरच्या अंगास तीन धरणें बांधून पुराकरितां जागा राखली, व खालच्या अमेरिकेनें तिचा मोबदला दिला.

विद्यार्थीमित्रहो, पूर्णेचा पूर आपल्या वेशीपाशीं ओसरला म्हणजे संपला असें नव्हे. खालीं कोणी तरी त्याची वाट पाहत असतो.